दुर्बीण पठारावर, खगोलशास्त्रज्ञ पायथ्याशी

चिलीतील ‘अल्मा’ या रेडिओ वेधशाळेचे गणनायंत्र पाच हजार मीटर उंचीवरून खाली आणले जात आहे. खगोलशास्त्रज्ञ तर कधीचाच खाली आला आहे. आता वर उरतात त्या अँटेना आणि त्या दुरुस्त करणारे हात. उंचावरील विज्ञानाची खरी किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला असून हान्लेकडे आशेने पाहणाऱ्या भारतालाही त्याचा विचार करावा लागणार आहे.

चिलीच्या उत्तरेकडील अटाकामा वाळवंटात, समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार मीटर उंचीवर चाहनांतोर नावाचे ओसाड पठार आहे. याच पठारावर ‘अल्मा’ ही ६६ अँटेनांची रेडिओ दुर्बीण २०११ पासून विश्वाचा वेध घेत आहे. युरोप, उत्तर अमेरिका आणि पूर्व आशियातील देशांनी यजमान चिलीच्या सहकार्याने सुमारे १४० कोटी डॉलर खर्चून ती उभारली. मार्च २०१३ मध्ये तिचे रीतसर उद्घाटन झाले. तूर्त या वेधशाळेच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या सुधारणेचे काम हाती घेण्यात आले आहे. एकाच वेळी टिपता येणाऱ्या लहरींचा पट्टा किमान दुप्पट आणि पुढे चौपट करणे हा तिचा उद्देश आहे.

या सुधारणेतील एका निर्णयाकडे मात्र विज्ञानजगताबाहेर फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. अँटेनांकडून येणारे संदेश परस्परांशी ताडून पाहणारे ‘कोरिलेटर’ हे महाकाय गणनायंत्र आजवर पठारावरच होते. त्याची जागा घेणारे, कॅनडात विकसित होणारे नवे यंत्र पठारावर न बसवता २,९०० मीटर उंचीवरील पायथ्याच्या तळावर बसविण्यात येणार आहे. वरचे संदेश प्रकाशीय तंतूंच्या वाहिन्यांतून खाली आणले जातील. वरवर पाहता हा निव्वळ अभियांत्रिकी सोयीचा भाग वाटेल. प्रत्यक्षात गेली काही दशके संथपणे चालत आलेल्या एका स्थलांतराचा तो पुढचा टप्पा आहे.

मुळात एवढ्या उंचीवर जाण्याची गरजच का पडावी, हा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाला विशेषच पडेल. कारण पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ, खोडद येथे उभी असलेली ‘जीएमआरटी’ ही जगद्विख्यात रेडिओ दुर्बीण द्राक्षमळ्यांच्या आणि उसाच्या शेतांच्या मुलखात आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून साकारलेल्या या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना मीटरभर लांबीच्या आसपासच्या रेडिओ लहरी टिपतात. हवेतील बाष्पाचा या लांब लहरींना अडथळा होत नाही. त्यांना त्रास होतो तो माणसाने निर्माण केलेल्या रेडिओ गोंगाटाचा. त्यामुळे डोंगरांच्या आडोशाचा शांत ग्रामीण परिसर त्यांना पुरेसा ठरतो.

‘अल्मा’चा विषय वेगळा आहे. तारे जेथे जन्मतात ते वायू आणि धुळीचे ढग अतिशय थंड असतात आणि त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या लहरी मिलिमीटरभर किंवा त्याहूनही आखूड असतात. हवेतील बाष्प या लहरी अक्षरशः गिळून टाकते. मुंबईच्या दमट हवेतून त्या जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. चाहनांतोरवर मात्र माथ्यावरच्या संपूर्ण वातावरणातील बाष्पाचे पाणी केले, तर त्याचा थर बऱ्याचदा जेमतेम एक मिलिमीटर भरतो आणि उत्तम दिवशी त्याच्या निम्म्याहूनही कमी. जगातील सर्वांत कोरडे वाळवंट आणि त्यावर पाच हजार मीटरची उंची, असा हा दुर्मीळ योग आहे. ‘अल्मा’ने नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘एचएल टॉरी’ या बालताऱ्याभोवतीच्या धुळीच्या कड्यांचे आणि त्यांमधील रिकाम्या पट्ट्यांचे जे चित्र जगासमोर ठेवले, त्यामुळे ग्रहनिर्मितीविषयीच्या अनेक समजुती नव्याने तपासाव्या लागल्या. एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृष्णविवराच्या पहिल्या चित्रातही या दुर्बिणीचा वाटा मोलाचा होता. ही फळे समुद्रसपाटीवर हाती लागणारी नव्हती.

परंतु लहरींना जी विरळ हवा मानवते, ती माणसाला मानवत नाही. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५५ टक्के असतो. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू निम्म्याहून थोडाच अधिक. डोकेदुखी, मळमळ, धाप आणि निद्रानाश ही त्याची परिचित लक्षणे होत. क्वचित फुफ्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून जिवावर बेतते. मात्र वेधशाळेच्या दृष्टीने याहून चिंतेची बाब वेगळीच आहे. प्राणवायू कमी पडला की माणसाची एकाग्रता, स्मरणशक्ती आणि निर्णयक्षमता मंदावते आणि ती मंदावल्याचे त्याला स्वतःला पुष्कळदा जाणवतही नाही. साधी बेरीज चुकते, हातातील काम कुठवर आले होते ते आठवत नाही. कोट्यवधी डॉलरच्या उपकरणाशी झटणाऱ्या तंत्रज्ञाच्या बाबतीत ही गोष्ट किती गंभीर आहे, हे वेगळे सांगायला नको.

यावर शोधलेला उपाय मोठा कल्पक आहे. श्वसनशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांनी असे दाखवून दिले, की खोलीतील हवेत प्राणवायूचे प्रमाण एक टक्क्याने वाढविले, तर शरीराच्या दृष्टीने उंची सुमारे तीनशे मीटरने कमी होते. नेहमीच्या २१ टक्क्यांऐवजी २७ टक्के प्राणवायू असलेल्या खोलीत बसलेला माणूस पाच हजार मीटरवर असूनही जणू ३,२०० मीटरवर वावरत असतो. चाहनांतोरवरील खोल्यांत हा उपाय ‘अल्मा’च्याही आधीपासून वापरात आला. तथापि, अँटेना काही खोलीत नसतात. तेथे काम करणाऱ्याला नाकाशी नळी आणि पाठीशी प्राणवायूचे नळकांडे घेऊनच उघड्यावर उभे राहावे लागते. वाऱ्याचा मारा आणि प्रखर अतिनील किरण हे तर ओघानेच आले.

साहजिकच, ज्यांचे काम खाली राहून होण्यासारखे होते ते एकेक करून खाली आले. पूर्वीच्या पिढीतील खगोलशास्त्रज्ञ आपल्या वाट्याचे चार दिवस मिळविण्यासाठी सामान बांधून डोंगरावर जात असे, रात्रंदिवस यंत्रापाशी बसे आणि ढग आले तर रिकाम्या हाताने परते. आजच्या ‘अल्मा’मध्ये हे चित्र उरलेले नाही. जगभरातून दरवर्षी दीड हजारांहून अधिक प्रस्ताव येतात. उपलब्ध वेळेच्या कितीतरी पट ही मागणी असते. २०२१ पासून या प्रस्तावांवर अर्जदाराचे नाव परीक्षकाला दिसत नाही आणि बहुतांश प्रस्तावांचे परीक्षण स्वतः अर्जदारच एकमेकांसाठी करतात. निवड झालेल्या प्रस्तावाचा तपशील संगणकात भरला, की शास्त्रज्ञाचे काम तूर्त संपते. कोणता वेध कधी घ्यायचा, हे त्या त्या वेळच्या हवामानावरून वेधशाळेतील कर्तव्यावरचे खगोलशास्त्रज्ञ ठरवितात. पुढे तपासून शुद्ध केलेली माहिती पुण्यात, तोक्योत किंवा बॉनमध्ये बसलेल्या संशोधकाच्या संगणकावर येते. ज्या दुर्बिणीवर त्याची कारकीर्द उभी आहे, ती त्याने डोळ्यांनी पाहिलेलीही नसण्याची शक्यता मोठी असते.

या व्यवस्थेचे लाभ निर्विवाद आहेत. चांगल्या हवेची घटका वाया जात नाही आणि संशोधकाची प्रकृती आडवी येत नाही. प्रवासाचा खर्च ज्या देशांना परवडत नाही त्यांच्या विद्यार्थ्यांनाही दार उघडे राहते. खाली येण्याला एक काटा मात्र आहे. यंत्राच्या खोडी ज्याने जवळून पाहिल्या आहेत, त्यालाच आकडेवारीतील कोणती चमक आकाशातली आणि कोणती यंत्रातली हे चटकन उमगते. ही जाण आता मोजक्या वेधशाळा-कर्मचाऱ्यांपुरती सीमित होऊ लागली आहे. त्यांच्याही कामाचे स्वरूप पाळीचे आहे. पायथ्याच्या तळावर सर्वसाधारणपणे आठ दिवस काम आणि सहा दिवस सुट्टी असा क्रम चालतो. रेडिओ लहरींना दिवस-रात्रीचे सोयरसुतक नसल्याने तेथील नियंत्रण कक्ष चोवीस तास जागा असतो. दर फेब्रुवारीत, पूर्वेकडून येणाऱ्या दमट हवेच्या मोसमात वेध थांबतात आणि तो काळ देखभालीसाठी राखून ठेवला जातो. आठ दिवसांत उंचीची थोडी सवय होते न होते तोच सुट्टी येते आणि परतल्यावर शरीराला पुन्हा पहिल्यापासून जुळवून घ्यावे लागते. कुटुंबाच्या वाट्याला येणारा अर्धा महिना, मुलांच्या शाळेतले हुकलेले प्रसंग हे या नोकरीचे दुसरे अंग होय.

गणनायंत्र खाली आणण्यामागचे तर्कशास्त्रही याच धर्तीचे आहे. सध्याच्या कोरिलेटरमध्ये १३ कोटी ४० लाख गणक असून ते सेकंदाला १७ या आकड्यावर पंधरा शून्ये द्यावीत इतक्या आकडेमोडी करू शकतात. विरळ हवेत ते थंड ठेवण्यासाठी खालच्यापेक्षा दुप्पट हवा खेळवावी लागते. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कही तेथे चालत नाहीत, कारण त्यांना आधार देण्याइतकी हवाच नसते. एखादा भाग बदलायचा तर माणसाला वर धाडावे लागते. नवे यंत्र खाली बसविल्याने या सर्वांतून सुटका होईल. माणसाप्रमाणेच यंत्रालाही प्राणवायूची उणीव जाचते, याचीच ही कबुली म्हणायची.

वर उरणारे काम मात्र खाली आणता येण्याजोगे नाही. प्रत्येक अँटेनातील ग्राहक-यंत्रे उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवावी लागतात. शीतयंत्र बिघडले, मोटार अडली, बर्फ साचले, तर कुणाला तरी वर जावेच लागते. मोठ्या दुरुस्तीसाठी शंभर टनांहून अधिक वजनाची अँटेना २८ चाकांच्या प्रचंड वाहनावर लादून पायथ्याशी आणतात. या वाहनाच्या चालकाच्या आसनाची पाठ प्राणवायूचे नळकांडे पाठीला बांधूनच बसता यावे अशा बेताने घडविलेली आहे. जून २०२५ मध्ये तर २,९०० मीटरवरील तळावरही हिमवर्षाव झाला. तेथे सुमारे दहा वर्षांत असे घडले नव्हते. त्या वेळी अँटेनांना बचावाच्या स्थितीत वळवून वेध थांबवावे लागले.

हे काम करणारे तंत्रज्ञ, विद्युतकर्मी, चालक, स्वयंपाकी आणि सुरक्षारक्षक बहुतांशी चिलीचे नागरिक आहेत. शोधनिबंधांवर त्यांची नावे नसतात. ऑगस्ट २०१३ मध्ये, म्हणजे उद्घाटनाला सहा महिनेही उलटले नसताना, सुमारे दोनशे कामगारांनी संप पुकारला. वेतनवाढ आणि दुर्गम, अतिउंच ठिकाणच्या कामाचा योग्य मोबदला या त्यांच्या मागण्या होत्या. वेध ठप्प झाले आणि सुमारे अडीच आठवड्यांनी तडजोड होऊन संप मिटला. जगातील एका अत्यंत महागड्या दुर्बिणीचे डोळे तिच्या अँटेना नीट चालविणाऱ्या हातांवर अवलंबून आहेत, ही गोष्ट त्या वेळी प्रथमच ठळकपणे पुढे आली. चिलीत तांब्याच्या खाणींमुळे उंचावरील कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न जुनाच आहे. सक्तीची वैद्यकीय तपासणी, रक्तातील प्राणवायूची मोजणी, वर थांबण्याच्या वेळेवर मर्यादा या गोष्टी तेथे रूढ होण्यामागे खाण कामगारांच्या अनुभवाची शिदोरी आहे. विज्ञानाला तिचा आयता लाभ झाला.

ही काळजी किती मोलाची आहे, हे फ्रान्समधील एका घटनेने दाखवून दिले होते. आल्प्समधील बूर पठारावर, सुमारे २,५५० मीटर उंचीवर मिलिमीटर लहरींची वेधशाळा आहे. १ जुलै १९९९ रोजी तेथे जाणाऱ्या रज्जुमार्गाचा पाळणा कोसळून त्यातील सर्व वीस जण मृत्युमुखी पडले. वेधशाळेचे कर्मचारी आणि तेथे कामासाठी निघालेले कामगार त्यात होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथे जाणारे हेलिकॉप्टर कोसळून आणखी पाच जण दगावले. विरळ हवा हा उंचीचा एक धोका झाला. वरपर्यंत पोहोचण्याची वाट हा दुसरा आणि बऱ्याचदा अधिक प्राणघातक.

मग सारेच दूरनियंत्रणाने चालवावे, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण त्या वाटेवरही खाचखळगे आहेत. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस ‘अल्मा’च्या संगणकप्रणालीवर सायबर हल्ला झाला आणि अँटेना सुस्थितीत असूनही सुमारे सात आठवडे वेध बंद राहिले. जाळ्यावर भार जितका अधिक, तितके जाळे तुटल्याचे नुकसानही मोठे. त्याआधी करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये वेधशाळा बंद झाली, ती वेध घेऊ लागण्यास वर्ष लागले. तळावर माणसे एकत्र राहू शकत नव्हती आणि माणसांशिवाय ६६ अँटेना पुन्हा जाग्या करणे शक्य नव्हते.

उंचीचा हिशेब मांडताना आणखी एका घटकाला विसरून चालणार नाही, तो म्हणजे त्या उंचीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला समाज. अटाकामातील लिकान अंताय लोक शतकानुशतके या परिसरात जनावरे चारत आले आहेत. अँडीज पर्वतराजीतील लोकांची आकाशगंगेकडे पाहण्याची रीतही आगळी आहे. ताऱ्यांच्या आकृतींबरोबरच त्यांनी आकाशगंगेतील काळ्या डागांनाही लामा आदी प्राण्यांची रूपे दिली. हे काळे डाग म्हणजे थंड धुळीचे ढग, ज्यांच्या पोटात डोकावण्यासाठीच ‘अल्मा’ उभारली गेली. या योगायोगाचे कौतुक करणे सोपे आहे. स्थानिकांना रोजगार, शिक्षण आणि निर्णयांत स्थान मिळते का, ही कसोटी अधिक कठीण आहे. ती दुर्लक्षिली तर काय होते, हे हवाईतील मौना किआ पर्वतावर दिसले. तेथे नियोजित तीस मीटर दुर्बिणीच्या बांधकामाविरुद्ध २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये स्थानिकांनी रस्ता अडविला. पुण्याच्या ‘आयुका’सह भारतीय संस्थांचा सहभाग असलेला हा प्रकल्प तेव्हापासून रखडला आहे. पुढे २०२२ मध्ये हवाईने कायदा करून पर्वताच्या कारभारात मूळ रहिवाशांना स्थान दिले. चार दशके जी गोष्ट सहज करता आली असती, ती संघर्षानंतर करावी लागली.

भारताच्या दृष्टीने या साऱ्याचे महत्त्व काय? लडाखमधील हान्ले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. तेथील दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण बंगळूरुजवळील होसकोटे येथून उपग्रहामार्फत चालविली जाते. खगोलशास्त्रज्ञ खाली आणि दुर्बीण वर, हा प्रयोग भारताने ‘अल्मा’च्याही आधी यशस्वी केला, ही अभिमानाची बाब आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे गॅमा किरणांसाठीच्या २१ मीटरच्या ‘मेस’ दुर्बिणीचे उद्घाटन झाले. डिसेंबर २०२२ मध्ये हा परिसर अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि गावकऱ्यांना दुर्बिणी देऊन पर्यटकांना आकाश दाखविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. हान्लेवरील हवेत बाष्प अल्प असल्याने मिलिमीटर लहरींच्या वेधासाठीही हे ठिकाण योग्य ठरू शकते, याच्या चाचण्या या शतकाच्या प्रारंभीच झाल्या आहेत.

म्हणजे उद्या खोडदची परंपरा हान्लेच्या उंचीला जाऊन मिळू शकते. त्या वेळी आराखड्यात आरशांचा व्यास आणि ग्राहक-यंत्रांची संवेदनशीलता जितक्या काटेकोरपणे लिहिली जाईल, तितक्याच काटेकोरपणे काही इतर गोष्टीही लिहिल्या जायला हव्यात. प्राणवायूयुक्त खोल्या, वर थांबण्याची कमाल मर्यादा, नियमित तपासणी, उंचीचा भत्ता, आजारी माणसाला तासाभरात खाली नेण्याची सोय, या बाबी ‘किरकोळ खर्च’ या सदरात ढकलण्याजोग्या नाहीत. कंत्राटी कामगार आणि कायम कर्मचारी यांच्या फुफ्फुसांत विरळ हवा भेद करीत नाही. सरकारी नियमांनीही तो करू नये. शिवाय लडाखी तरुण हा रखवालदार किंवा वाहनचालक एवढ्यापुरताच न राहता तंत्रज्ञ आणि संशोधक म्हणून तेथे उभा राहील, अशी शिक्षणाची सोय प्रकल्पाबरोबरच व्हायला हवी. उंचीची सवय ज्याच्या रक्तातच आहे, त्याच्याइतका योग्य मनुष्य या कामाला दुसरा कोण मिळणार?

गणनायंत्र खाली आणण्याचा ‘अल्मा’चा निर्णय शहाणपणाचाच आहे, यात शंका नाही. जे खाली येऊ शकते ते खाली आणावे. पण शेवटच्या अँटेनाचा शेवटचा खिळा आवळण्यासाठी जोवर माणूस वर जात राहील, तोवर उंचावरील खगोलशास्त्राची गुणवत्ता त्याच्या श्वासावरही मोजावी लागेल. पुढील वेधशाळांचे अंदाजपत्रक मांडताना हा आकडा पहिल्या पानावर असावा, इतकी अपेक्षा अवाजवी ठरू नये.